अर्ध्यावर थांबणारं एन्झाइम

गेल्या अंकात सुती कापडावरच्या बायोपॉलिशिंगबद्दल, म्हणजे कापडावरची लव एन्झाइमने उडवण्याबद्दल, उत्तर देताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते: "बांबूतून सूत काढायचं असेल तर एन्झाइमला अर्ध्या कामावरून उठवावं लागतं." मूळ उत्तरावर एकही पत्र आलं नाही, या वाक्यावर मात्र गठ्ठाच आला. म्हणून या वेळचं सगळं सदर बांबूला. पत्रं थोडी कापली आहेत आणि एकाच तऱ्हेचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मी टेक्स्टाइल केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जवसाच्या काड्या पेक्टिनेजमध्ये (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) ठेवल्या की तंतू सुटे होतात, हे आम्ही प्रात्यक्षिकात पाहिलं. म्हणून प्रकल्पासाठी बांबूच्या कामट्या त्याच पेक्टिनेजमध्ये पीएच 4.5 आणि 45 अंश सेल्सिअसवर दोन दिवस ठेवल्या. पाणी गढूळ झालं, वास सुटला, पण कामट्या होत्या तशाच. एन्झाइम जुनं झालं असेल का?

उत्तर: एन्झाइमला बोल लावू नकोस. तू त्याला जिथे धाडलंस तिथे त्याच्या कामाचं फारसं काही नव्हतंच.

जवस, ताग, अंबाडी यांचे तंतू सालीत असतात आणि त्यांचे जुडगे काडीला व शेजारच्या पेशींना धरून राहतात ते मुख्यतः पेक्टिन या चिकट पदार्थामुळे. पेक्टिन गेलं की साल सुटते. पाण्यात सडवताना जिवाणू हेच करतात आणि तुझ्या प्रात्यक्षिकात बाटलीतल्या एन्झाइमने तेच केलं. बांबू पडला गवताच्या कुळातला. त्याचे तंतू सालीत नसतात, तर कांड्याच्या सबंध भिंतीत, रसवाहिन्यांच्या जुडग्यांभोवती असतात. बाहेरच्या अंगाला दाट, आतल्या अंगाला विरळ. मधली जागा स्टार्च साठवणाऱ्या मऊ पेशींनी भरलेली. पेक्टिन तिथे अगदी थोडं. बांधणीचं काम करतात लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. वाळलेल्या बांबूच्या वजनात लिग्निनच साधारण 20 ते 30 टक्के असतं. हेमिसेल्युलोज बहुतांशी झायलान, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, आणि त्या झायलानच्या साखळ्यांना फेरुलिक आम्लाच्या गाठींनी लिग्निन जखडलेलं. पेक्टिनेज यातलं काहीच तोडत नाही.

पाणी गढूळ झालं ते स्टार्च आणि सुटी साखर उतरल्यामुळे. वास आला तो त्यावर ताव मारणाऱ्या फुकट्या जिवाणूंचा.

दुसरी अडचण वाटेची. एन्झाइम हा प्रथिनाचा चांगला मोठा रेणू आहे, साधारण 3 ते 10 नॅनोमीटर रुंद. लिग्निन भरलेल्या पेशीभित्तिकेतली छिद्रं त्याहून लहान, फार तर जेमतेम तेवढी. त्यात झाडांच्या लाकडात आडव्या दिशेने जाणाऱ्या पेशींच्या ओळी असतात, तशा बांबूच्या कांड्यात नसतात. पाणी शिरतं ते मुख्यतः कापलेल्या तोंडांतून, वाहिन्यांच्या दिशेने. वरच्या हिरव्या सालीवर मेण आणि सिलिका. अखंड कामटीभोवती एन्झाइम दोन दिवस नुसतं घिरट्या घालतं.

म्हणून आधी वाट करून द्यायची. पेरं कापून टाक, कारण तिथे जुडगे वळतात, आडवे होतात आणि तंतू तुटतो. वरची साल खरवड, कामटी पातळ चीर आणि ती रुळांतून दाबून चेचून घे. मग दाबाखालची वाफ दे किंवा सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम कर. कॉस्टिक इथे सगळं विरघळवण्यासाठी नाही. फेरुलिक आम्लाच्या त्या एस्टर गाठी अल्कलीने सुटतात आणि झायलान उघडं पडतं, एवढ्यासाठी. मग धुवायचं आणि *त्यानंतर* झायलनेज, म्हणजे झायलान तोडणारं एन्झाइम. धुवायचं म्हणजे पाण्याचा नाही, कामटीच्या आतला पीएच उतरेपर्यंत. वरचं पाणी 8 दाखवतं, कामटी पिळली की 11 निघतो आणि त्यात एन्झाइम घालताक्षणी मरतं. मी आमच्या लॅबमधल्या मुलांना पिळून निघालेला थेंब पीएच पट्टीवर टाकायला लावायची, पातेल्यातला नाही.

पेक्टिनेज अगदीच टाकून देऊ नकोस. झायलनेजच्या जोडीला त्याचा थोडा उपयोग होतो, पण क्षारीय जातीचं, पेक्टेट लायेज, घे. आणि त्या पाण्यात ईडीटीए घालू नकोस. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पळवतं. पाणी मृदू करायच्या हौसेपोटी चांगलं एन्झाइम बसवून ठेवलेलं मी पाहिलंय.

एक गोष्ट परीक्षक विचारतीलच. त्याच पाण्यात, त्याच तापमानाला, *उकळून मारलेलं* एन्झाइम घालून एक नमुना ठेव. नुसत्या गरम पाण्यानेही बांबूचं वजन उतरतं. ते वजा केल्याशिवाय एन्झाइमच्या नावावर काही जमा करता येत नाही.

प्रश्न: मी हातमागावर विणतो. बांबूचं खरं सूत म्हणून जे मिळालं ते राठ निघालं, अंगाला टोचतं. तुम्ही म्हणता एन्झाइमचं काम अर्ध्यात थांबवायचं. ताई, पुरतं होऊ दिलं, पेशींना चिकटवून ठेवणारा सगळा डिंक काढला, तर ते रेशमासारखं मऊ नाही का होणार?

उत्तर: मऊ होईल. पण ते मागावर चढणार नाही. तो कागदाचा लगदा असेल.

गेल्या वेळचं माझं वाक्य याच्याचबद्दल होतं, तेव्हा जरा सविस्तर सांगते. तंतू म्हणून आपण हातात धरतो ती प्रत्येक वनस्पतीत एकच गोष्ट नसते. कापसाचा तंतू म्हणजे एकच पेशी, 25 ते 30 मिलिमीटर लांब. जवसाची सुटी पेशीही साधारण तेवढीच. रॅमी या तंतू देणाऱ्या झुडपाची तर 100 मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणून रॅमीचा डिंक पार काढला तरी कताईला पुरेल इतकी लांबी उरते आणि वर झळाळी मिळते. बांबूची सुटी पेशी असते 2 ते 3 मिलिमीटर. एवढ्याशा तुकड्याला पीळ देऊन सूत होत नाही. तुमच्या हातातला बांबूचा लांब तंतू म्हणजे अशा शेकडो पेशींचा जुडगा आहे, आणि जो डिंक, म्हणजे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज, आपण काढायला निघालो त्यानेच तो टोकाला टोक लावून धरलेला आहे.

तागाचंही हेच. त्याची पेशीही अशीच तोकडी, म्हणून ताग जुडग्यानेच कातला जातो आणि म्हणूनच राठ असतो. तागाला कोणी रेशीम हो म्हणत नाही. बांबूकडून मात्र सगळ्यांना तीच अपेक्षा, कारण बाजारात बांबूच्या नावाने दुसरंच काहीतरी मऊ मिळतं. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तर एन्झाइमने करायचं काय? जुडग्याच्या *बाहेरचा* डिंक आणि त्या मऊ पेशी काढायच्या, मोठा जुडगा फोडून बारीक करायचा, पण जुडग्याच्या *आतल्या* सांध्यांपर्यंत पोचायचं नाही. जोरदार कॉस्टिकपेक्षा एन्झाइम इथे बरं पडतं ते नेमकं यामुळे. कॉस्टिक आत-बाहेर सगळीकडे घुसतं. एन्झाइम मोठं असल्यामुळे बाहेरून आत, थराथराने खात जातं आणि आपल्याला थांबवायला सवड मिळते. पहिल्या पत्रात जी त्याची अडचण होती तीच इथे सोय आहे.

थांबायचं कधी, हे आकड्यांत सांगता येईल पण पुरेसं नाही. पाण्यात उतरलेली साखर डीएनएस चाचणीने मोजतात, आलेख चढतो आणि मग सपाट होत जातो. त्याबरोबर मी तासातासाला एक जुडगा काढून धुवून दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायची. सुरुवातीला तो काडीसारखा कडक असतो. मग एक वेळ अशी येते की बोटांत पिळला तर उभा फाटतो, ओढला तर तुटत नाही. तिथे थांबायचं. आणखी तासाने ओढलात आणि मधूनच सरकून सुटला, तर सांधे गेले.

उरलेला राठपणा कमी करायचे तीन मार्ग आहेत. कोवळा बांबू घेणं, कारण पहिल्या वर्षातल्या बांबूत लिग्निन पुरतं चढलेलं नसतं. तेलाच्या इमल्शनने मुरवून मग विंचरणं. आणि कापूस किंवा रॅमीत मिसळून कातणं. चौथा मार्ग म्हणजे सिलिकॉन सॉफ्टनर थापून राठपणा झाकणं. चार धुण्यांत तो उघडा पडतो आणि शिव्या विणकर खातो. माझं मत विचाराल तर या सुताचं अंगाला लागणारं कापड विणूच नका. पडदे, बैठकीची कापडं, पिशव्या, भिंतीवरचं काम, अशा ठिकाणी त्याचा खरखरीत पोत शोभून दिसतो.

प्रश्न: "100 टक्के नैसर्गिक बांबू, एन्झाइम प्रक्रिया, अँटिबॅक्टेरियल" असं छापलेले मोजे घेतले. सुंदर मऊ आहेत. तुमच्या लिखाणावरून शंका येऊ लागली आहे.

उत्तर: शंका रास्त आहे. सुंदर मऊ असतील तर जवळजवळ नक्कीच ते व्हिस्कोज आहेत. बांबूचा लगदा करायचा, कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडने त्याचं पाकासारखं द्रावण करायचं, बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडायचं की अखंड तंतू तयार. 1892 साली ब्रिटनमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी पेटंट घेतलेली ही रीत आहे. लगदा बांबूचा असो की निलगिरीचा, बाहेर पडतं ते पुन्हा घडवलेलं सेल्युलोज. बांबूचं म्हणावं असं त्यात काही उरत नाही, जिवाणूरोधक गुणही नाही. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतो, हे पाकिटावर कुणी छापत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 साली चार विक्रेत्यांवर याच कारणासाठी कारवाई केली. व्हिस्कोजला नुसतं "बांबू" म्हणायचं नाही, "बांबूपासून केलेलं रेयॉन" (रेयॉन म्हणजे असा पुन्हा घडवलेल्या सेल्युलोजचा धागा) असं लिहायचं, हा त्यांचा नियम. तरी विकणाऱ्यांची सवय जात नाही. 2022 साली याच मुद्द्यावर वॉलमार्टला 30 लाख आणि कोल्स या दुकानसाखळीला 25 लाख डॉलर दंड भरावा लागला.

"एन्झाइम प्रक्रिया" हे शब्द मात्र खोटे असतीलच असं नाही. लगद्यातलं नको असलेलं झायलान काढायला झायलनेज वापरता येतं. किंवा मोजे विणून झाल्यावर वरची लव उडवायला सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, वापरलं असेल, म्हणजे गेल्या अंकातलंच बायोपॉलिशिंग. दोन्ही खरं असूनही त्यामुळे मोजे नैसर्गिक बांबूचे ठरत नाहीत. वाचणाऱ्याला वाटतं एन्झाइमने बांबूतून तंतू सोडवला, छापणारा तसं कुठे म्हणत नाही.

ओळखायला जाळून पाहू नका. खरा बांबू आणि व्हिस्कोज, दोन्ही सेल्युलोजच, दोन्ही जळक्या कागदासारखे वास देतात. ओळखीतल्या कॉलेजात फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी करून मिळाली तर पाहा. लिग्निन असेल तर धागा लालभडक होतो, व्हिस्कोज ढिम्म राहतं. खूप ब्लीच केलेला खरा बांबूही फिका राहू शकतो, तेव्हा सोबत सूक्ष्मदर्शकातही बघायला सांगा. व्हिस्कोजवर लांबीच्या दिशेने रेघा दिसतात आणि आडवा छेद दातेरी असतो. बांबूच्या पेशीचा छेद गोलसर, मधोमध बारीक पोकळी.

मोजे वापरा हो. ते वाईट नाहीत, फक्त ओले असताना जपून पिळा. व्हिस्कोजची ताकद भिजल्यावर निम्म्यावर येते.

प्रश्न: लिग्निन हीच मुख्य अडचण असेल तर लिग्निन खाणारं एन्झाइम का वापरत नाहीत? पांढऱ्या कुजीची बुरशी लाकडातलं लिग्निन फस्त करते, असं मी वर्गात शिकवतो.

उत्तर: सर, बुरशी करते, पण तिच्याकडे आठवडेच्या आठवडे असतात आणि एका एन्झाइमवर ती विसंबत नाही.

बाजारात सहज मिळणारं लिग्निनवरचं एन्झाइम म्हणजे लॅकेज. त्याचा इतिहास मजेशीर आहे. 1883 मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाला ते जपानी रोगणाच्या (लॅकर) झाडाच्या चिकात सापडलं, म्हणजे चीक सुकवून कडक रोगण बनवणारं एन्झाइम म्हणून. आपण त्याच्याकडून उलटं काम मागतो! तांब्याचे चार अणू बाळगणारं हे एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरून फिनॉल गटांचं ऑक्सिडीकरण करतं. लिग्निनचा बराचसा भाग मात्र फिनॉलिक नसतो, तिथे त्याचा हात पोचत नाही. मग मध्यस्थ म्हणून लहान रेणू घालावे लागतात, उदाहरणार्थ हायड्रॉक्सिबेन्झोट्रायझोल. ते महाग, आणि सांडपाण्यात नकोसे. मध्यस्थ न घालता नुसतं लॅकेज सोडलं तर तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि तंतू उजळण्याऐवजी काळवंडतो. चिकाचं रोगण होतं तसंच.

लिग्निन पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम 1983 मध्ये *फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम* या बुरशीत सापडलं तेव्हा कागदवाल्यांच्या आशा फार उंचावल्या होत्या. पण त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं आणि पेरॉक्साइड जरा जास्त झालं की त्यानेच ते निकामी होतं. म्हणून बांबूत व्यवहाराची वाट वेगळी निघते: लिग्निनला थेट हात न घालता झायलान तोडायचं, म्हणजे त्याला जखडलेलं लिग्निन सैल होतं आणि पुढच्या धुण्यात किंवा हलक्या पेरॉक्साइड ब्लीचमध्ये निघून जातं.

प्रश्न: आम्ही काही जण मिळून बांबू तंतूचं छोटं युनिट टाकतो आहोत. दोन पुरवठादारांकडून झायलनेज आलं. एकावर 5,000 युनिट लिहिलंय, दुसऱ्यावर 20,000. दुसरं चौपट जोरदार समजायचं का? आणि प्रक्रिया थांबवायची कशी?

उत्तर: समजू नका. एन्झाइमचं एक युनिट म्हणजे ठरावीक तापमान आणि पीएचला मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ तयार करण्याची क्षमता. पण ते तापमान, तो पीएच आणि ज्यावर मोजलं ते झायलान जो तो आपल्या सोयीने निवडतो. तुमच्या टाकीच्या पीएचला, तुमच्याच चेचलेल्या बांबूवर दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि उतरलेली साखर मोजा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे झायलनेजमध्ये सेल्युलेजची भेसळ आहे का ते बघा. ही एन्झाइम्स बुरशीकडून काढतात आणि बुरशी सगळीच एकत्र बनवते. सेल्युलेजसाठी प्रसिद्ध असलेली *ट्रायकोडर्मा रीसी* दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू खाताना सापडली होती. तिच्या वंशातलं झायलनेज स्वस्त मिळालं तर तुमच्या तंतूची गत त्या तंबूसारखी होईल. साधी चाचणी सांगते: लॅबमधल्या गाळणकागदाची पट्टी त्याच द्रावणात, त्याच तापमानाला रात्रभर हलती ठेवा. गाळणकागद म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सकाळी पट्टीचा चोथा झाला असेल तर तो माल परत करा.

थांबवण्यासाठी नुसतं पाणी सोडून देऊ नका. ओल्या, कोमट ढिगात एन्झाइम खातच राहतं, आणि संध्याकाळचा चांगला माल सकाळी पिसं होऊन हातात येतो. टाकीचं तापमान 80 अंशांच्या वर नेऊन दहा-पंधरा मिनिटं ठेवा किंवा सोडा घालून पीएच 10 च्या वर न्या. मात्र तुमचं झायलनेज उष्णता सोसणारं किंवा क्षारीय जातीचं असेल तर यातलं एकेकटं पुरणार नाही, म्हणून थांबवल्यानंतरच्या पाण्यात ताजी चेचलेली कामटी टाकून साखर वाढत नाही ना, हे एकदा तपासून घ्या. ब्लीच आधी केलं असेल तर उरलेलं पेरॉक्साइड कॅटलेजने मारल्याशिवाय पुढचं एन्झाइम घालू नका. धुण्यासाठी साबण लागलाच तर नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेला) घ्या. आणि टाकी गंजकी नको. लोह बांबूतल्या फिनॉलशी मिळून करडे डाग पाडतं, ते कशानेच धड जात नाहीत.

"एन्झाइम वापरतो, म्हणजे सांडपाण्याची चिंता नाही" असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. कॉस्टिक कमी लागतं, क्षार कमी जातात, हे खरं. पण बांबूतून काढलेलं झायलान आणि स्टार्च साखर होऊन त्याच पाण्यात जातं, आणि नाल्यातले जिवाणू त्यावर वाढताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा खर्च हिशोबात धरा.

प्रश्न: एन्झाइम म्हणजे जिवंत जंतू ना? कापडात राहून त्वचेला काही करत असेल का?

उत्तर: जंतू नाही, प्रथिन. गरम धुण्यात त्याची घडी मोडते आणि नंतरच्या धुण्यांत ते निघून जातं. घालणाऱ्याने घोर करू नये.

धोका आहे तो पावडरीचा डबा उघडणाऱ्याला. 1960 च्या दशकात धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालायला लागले तेव्हा त्या कारखान्यांतल्या कामगारांना धूळ नाकात जाऊन दमा जडला होता. म्हणून आता ते दाणेदार किंवा द्रवरूपात येतं. वरच्या पत्रातल्या युनिटवाल्यांनीही हे वाचावं: भुकटी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, द्रव मागा. तोही फवारू नका, पाण्याखाली ओता. सांडलं तर सुकून त्याची धूळ व्हायच्या आत ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं लगेच गरम पाण्यात टाका.